छप्पर आणि चूल

असोदा म्हटले की कुणाला बहिणाबाई आठवतात, कुणाला भरीत. दोन्ही बरोबरच. बहिणाबाईंचे ते माहेर आणि माझे सासर. जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर, काळ्याभोर जमिनीतले हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, कपाशी आणि हिवाळ्यात वांग्यांची शेते. ही भरिताची वांगी चांगली हातभर लांब, हिरवट-पांढरी आणि बिया अगदी कमी. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ती भाजायची, लाकडी उखळात हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीशी खायची. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी मला काड्या कशा रचायच्या ते शिकवले. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, हे मी आता पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ठासून सांगते.

पण आज लिहिते आहे ती चुलीवरच्या भरिताची कृती नव्हे, चुलीचीच गोष्ट.

झाले असे, की आमच्या महिला मंडळात शहरातल्या बेघरांचा विषय निघाला. एक जण म्हणाली, "सरकार निवारे बांधतं, मग ही माणसं स्टँडवर का झोपतात? त्यांना सवयच झालेली असते, दुसरं काय!" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी जळगावला एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळच्या एस.टी.ने जायचे, दुपारी परत यायचे. स्टँडवर गाडीची वाट पाहण्यात माझे आयुष्यातले कितीतरी तास गेले असतील. त्यामुळे ते "सवय" काही माझ्या गळ्याखाली उतरेना.

आधी बहिणाबाईंचेच पाहू या. २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्याच्या महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे दिल्या आणि १९१० साली, ऐन तिशीत, विधवा झाल्या. पदरी ओंकार, सोपान आणि काशी. त्यातल्या ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आलेले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, हाताला फक्त शेताचे काम. आज एखादी बाई अशा स्थितीत शहरात सापडली, तर ती कुठे जाईल? बहिणाबाईंचे कष्ट काही चुकले नाहीत. पण चौधरींचा वाडा होता, शेत होते, चूल होती, शेजार होता. जात्यावर बसायला जाते होते. आपण त्यांच्या प्रतिभेचे कौतुक करतो ते योग्यच आहे. मला मात्र त्या घराच्या उंबरठ्यापाशी दोन क्षण थांबावेसे वाटते. २०१८ साली आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा असोद्यातल्या घराघरात बायकांच्या तोंडी तोच विषय होता.

आता स्टँडवरची माणसे. ती सगळी एकाच जातीची नाहीत, हे रोज पाहणारीला कळते. सातपुड्याच्या पायथ्याकडून कामाला आलेली पावरा नि भिल्ल कुटुंबे असतात. नवरा-बायको, दोन पोरे, एक हंडा, एक गोधडी. काम लागले की ती चार दिवसांत दिसेनाशी होतात. हॉटेलात कपबश्या विसळणारी पोरे असतात. मुलांनी विचारणे सोडलेले म्हातारे असतात. मनाचा तोल गेलेल्या बायका असतात, आणि त्यांच्याकडे पाहवत नाही. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, फलाटावर, देवळात जी झोपलेली सापडली ती मोजली. देशात १७ लाख ७३ हजार माणसे निघाली, त्यांतली दोन लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. अंगणात नातेवाइकाच्या पडवीला टेकून झोपणारी त्यात आली नसणार, हे माझे आपले म्हणणे.

स्टँडवर एक आजीबाई होत्या. कडुनिंबाच्या काड्या दातवणासाठी विकायच्या. कधी कडीपत्त्याच्या जुड्या. गाडीला उशीर झाला की मी त्यांच्याशेजारी बसत असे. एकदा मी म्हटले, "आजी, निवारा असतो म्हणे तुमच्यासारख्यांसाठी. रात्री तिथं का नाही जात?" त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. काड्यांची जुडी बांधून झाल्यावर मला विचारले, "तढी मले चूल मांडू देतीन का?"

मला हसू आले खरे, पण घरी येईपर्यंत ते विरून गेले. त्या आजीबाई रोज संध्याकाळी स्टँडमागे तीन दगडांवर स्वतःची भाकरी थापत होत्या. आयुष्यात त्यांच्या हाती तेवढी एकच सत्ता उरली होती. आणि आपण त्यांना म्हणत होतो, ती सोड नि आमच्या खाटेवर येऊन झोप.

सरकारी निवाऱ्यांची कहाणी सुरू झाली ती दिल्लीच्या थंडीत. २००९ च्या डिसेंबरात तिथे बेघरांचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला, माणसे थंडीत उघड्यावर पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि २०१० साली न्यायालयाने शहरांना निवारे उभारायला लावले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची रीतसर योजना झाली. दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय. माणशी पन्नास चौरस फूट जागा. निवारा बाराही महिने, चोवीस तास उघडा. पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा. शिवाय रेशनकार्ड, आधार, पेन्शन, दवाखाना, पोरांची शाळा यांच्याशी जोडून देण्याची जबाबदारी. म्हणजे नुसते छप्पर पुरत नाही, हे कागदावर तरी मान्य झाले होते. ते अभियान २०२४ च्या सप्टेंबरात संपले. जळगावची वस्ती २०११ साली ४ लाख ६० हजार होती. त्या नियमाने चार निवारे आणि चारशे माणसांची सोय व्हायला हवी. आपल्या गावात किती झाले, त्यातले बायकांसाठी किती आणि दिवसा कुलूप असते की काय, हे महापालिकेत जाऊन विचारायला आपल्याला कुणाची आडकाठी नाही. चौघी जणी मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळते, हा माझा अनुभव!

दिवसाच्या कुलपाचे मी मुद्दाम म्हणते. दिल्लीला थंडी मारते. आमच्या खानदेशात मारते ते ऊन. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाऊन बसतो. दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. निवारा फक्त रात्रीपुरता आणि सकाळी बाहेर, असे झाले, तर आमच्याकडच्या म्हातारीला त्याचा काय उपयोग? तिला ब्लँकेटपेक्षा पंखा नि माठ जास्त हवा. देणगी द्यायची झाली तर हेही लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. जुन्या साड्या बोहारणीला जातातच. उन्हाळ्यात एक छत्री आणि पाण्याची बाटली कुणाच्या हातात ठेवून पाहा.

धर्मशाळा आपल्याकडे जुन्या. गाडगेबाबांनी तर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्या उभ्या केल्या आणि स्वतः मात्र एकीतही मुक्काम मांडला नाही. परंतु धर्मशाळेत उतरणाऱ्या वारकऱ्याच्या मागे घर असते. चार दिवस राहायचे, देव पाहायचा आणि परत जायचे. ज्याला परत जायलाच कुठे नाही, त्याच्यासाठी ती रचनाच नाही. आपण मात्र दोघांना एकाच मापाने मोजतो.

मग घर द्यावे म्हणाल, तर आमच्या जळगावला त्याचाही अनुभव आहे, आणि तो चांगला नाही. १९९० च्या दशकात इथल्या नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी घरकुले बांधायला घेतली. आकडा ऐका, ११ हजार ४२४! हा आकडा खरा उतरता, तर आज जळगावचे नाव देशात घेतले गेले असते. बांधून झाली ती दीड हजारांच्या आसपास. पुढे २००६ साली तक्रार दाखल झाली, खटला चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. नंतर अपिले उच्च न्यायालयात गेली. कोर्टाचे कोर्ट पाहील. पण त्या न झालेल्या दहा हजार घरांतली माणसे कुठे राहिली, हा प्रश्न कोणत्याही निकालात येत नाही. वर्तमानपत्रांत तेव्हा फोटो छापून आले ते पुढाऱ्यांचे. ज्यांची घरे गेली त्यांचा फोटो निदान मला तरी दिसला नाही.

आणि ज्यांना घरे मिळतात, त्यांच्यातही स्टँडवरच्या आजीबाई नसतात. घरकुलाच्या अर्जाला रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याला घर नाही त्याने कुठे राहतो याचा पुरावा आणायचा, ही गंमत कुणाला सुचली असेल?

फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहराचे याबाबतीत मी वाचले, तेव्हा मला ते फार पटले. थंड देश, तिथे रात्रनिवारे जुने. एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा, रात्री या नि सकाळी जा. २००८ पासून त्यांनी ठरवले, की आधी घर द्यायचे, बाकीचे मग. दारू सोड, काम शोध, मग घर देतो, असे म्हणायचे नाही. साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा जुना निवारा मोडून त्याच इमारतीत ऐंशी-एक लहान घरे केली. प्रत्येकाचे दार वेगळे, किल्ली वेगळी, भाडेकरार स्वतःच्या नावाचा. आणि त्याच इमारतीत मदतीला माणसे: औषध घेतलेस का, पेन्शनचा कागद भरलास का, विचारणारी. शहरातल्या निवाऱ्याच्या खाटा २००८ साली ५५८ होत्या, २०१६ साली ५२ उरल्या. माणसे कुठे हाकलली नव्हती बरे का, घरात गेली होती.

हे श्रीमंत देशाचे झाले, असे म्हणाल. पण चेन्नईची 'द बनियन' ही संस्था १९९३ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी काम करते. तिने २०१५ पासून असेच काही चालवले. बऱ्या झालेल्या पण घरचे नेत नाहीत अशा चार-पाच बायका, साध्या वस्तीतले भाड्याचे घर आणि मदतीला एक बाई. स्वयंपाक त्यांचा, बाजार त्यांचा, भांडणेही त्यांचीच. तमिळनाडूनंतर केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही अशी घरे झाली. यात कुठली मोठी इमारत नाही, कंत्राट नाही. दोन खोल्या, एक चूल आणि विचारपूस करणारे माणूस. इतके साधे असल्यामुळेच ते कुणाला भव्य वाटत नसावे.

मंडळातल्या त्या चर्चेनंतर शहराच्या कडेच्या एका घरकुल वसाहतीत मी गेले होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई तिथे राहते. पूर्वी ती नाल्याकाठी पत्र्याखाली राहायची. रिक्षातून उतरून बरेच चालावे लागले. सारख्या तोंडाची घरे, मध्ये अरुंद बोळ, दोऱ्यांवर कपडे. घर केवढे? एक खोली, पुढे ओट्याएवढी जागा. पण फडताळावर स्टीलची भांडी अशी लावलेली, की आपल्याला आपल्या स्वयंपाकघराची लाज वाटावी. तिने मला आल्याचा चहा केला आणि पहिल्यांदा काय दाखवले असेल? दाराची कडी. "बाई, पत्र्याच्या घरात मी पोरीला घेऊन जागीच राह्यची रातभर. अढी पहिल्या रात्री कडी लावली आन् सकाळी उन्ह वर आलं तरी झोपेल होती." तक्रारी होत्याच. कामाची घरे लांब पडली, रिक्षाला पैसे जातात, पूर्वीची चार घरे सुटली. घर मिळाले ते कामापासून तुटून, आणि हे नकाशावर घरे आखणाऱ्याला दिसत नाही. बाईला मात्र पहिल्याच महिन्यात दिसते.

ओट्यावर एक म्हातारी बसलेली होती. मला वाटले सासू असेल. विचारले, तर म्हणाली, "नाही वं बाई, ही नात्यातली नाही. वीटभट्टीवर आम्ही संगं होतो. हिचं कुणी नाही." चार वर्षांपासून ती तिथेच राहते. जनगणनेच्या हिशोबात ती बेघर नाही आणि घरकुलाच्या यादीतही नाही. निराधारांची पेन्शन मिळावी म्हणून दोघी दोनदा तहसीलला जाऊन आल्या होत्या. उत्पन्नाचा दाखला अडला होता. तो कसा काढायचा, कोणते कागद लागतात, ते मी एका कागदावर लिहून दिले आणि पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर बरोबर यायचे कबूल केले.

निघताना म्हातारी सुपात तूर घेऊन खडे वेचत होती. मी "येते आजी" म्हटले, तर मान वर न करता म्हणाली, "वरण व्हतंच आहे, जेवून जा."