आमचा पुणे एफसी : बंद पडलेल्या संघाच्या आठवणी

'माझा आवडता खेळ' हा निबंध दिला की वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं क्रिकेटवर लिहितात. पाच-सहा जण फुटबॉलवर लिहितात, पण त्यात मेस्सी असतो, रोनाल्डो असतो, बार्सिलोना असतं. आपल्या पुण्याचाही एक संघ होता आणि तो देशात दुसरा आला होता, असं सांगितलं की मुलं डोळे मोठे करतात. "सर, खरंच? मग तो गेला कुठे?" याचं उत्तर तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

त्या संघाचं नाव पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये हा क्लब सुरू केला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून तो आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत आला. २००९-१० च्या पहिल्याच हंगामात त्याने तिसरा क्रमांक पटकावला. मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेम्पो अशा जुन्या, नावाजलेल्या क्लबांच्या पंगतीत आपलं पुणं जाऊन बसलं. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर कोलकाता आणि गोव्याच्या शेजारी 'पुणे' वाचताना छाती फुगायची.

सामने बालेवाडीला व्हायचे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत. मी तेव्हा पेठेत राहायचो. मनपाहून बस पकडायची, औंध, बाणेर मागे टाकत हायवेच्या बाजूला उतरायचं आणि मग चालायचं. मला या खेळात ओढलं ते माझ्या मामेभावाने. मी पक्का क्रिकेटवाला. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्याने मला बसमध्ये तिकिटाच्या मागे पेनाने रेघा मारून समजावलं होतं. तरी पहिले दोन-तीन सामने मी "अरे, गोल झाला की! पंच का नाही म्हणतोय?" असंच ओरडत होतो.

स्टेडियम प्रचंड मोठं आणि माणसं थोडी. मैदानाभोवती धावण्याची ट्रॅक असल्यामुळे खेळाडू लांब दिसायचे. पण गर्दी कमी असण्याचा एक फायदा होता. दर सामन्याला तेच चेहरे भेटायचे. नावं माहीत नसायची, पण ओळख पक्की. एक काका यायचे, सोबत शाळेच्या गणवेशातला नातू. दोन-तीन कॉलेजची पोरं ढोल आणायची, गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तसा ताल धरायची. मध्यंतरात वडापाव आणि चहा, आणि चहाबरोबर प्रशिक्षकाने कुणाला बाहेर काढायला हवं यावर वाद. मागच्या वेळी आला नाहीत, तब्येत बरी ना, अशी चौकशीही व्हायची.

क्लबची खूण होती घोरपड. चाहते संघाला 'रेड लिझर्ड्स' म्हणायचे. आता घोरपड म्हटल्यावर कुठल्या पुणेकराला सिंहगड आणि तानाजी मालुसरे आठवणार नाहीत? आमच्यातला एक जण तर म्हणायचा, "आपण जिंकू किंवा हरू, पण घोरपडीसारखं चिकटून राहायचं!"

आणि खेळाडू तरी किती ठिकाणचे! अराता इझुमीची आई जपानी, वडील भारतीय. भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. २०१३ मध्ये तो भारताच्या जर्सीत मैदानात उतरला, तेव्हा बालेवाडीच्या आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला घरातलाच मुलगा खेळतोय असं वाटलं. बचावात केरळचा अनस एडाथोडिका होता, मिझोरामचा जेजे लालपेखलुआ होता. जेम्स मोगा आला दक्षिण सुदानहून, म्हणजे २०११ मध्ये जन्मलेल्या देशातून! भूगोलाच्या तासाला मी नकाशावर तो देश दाखवायचो आणि सांगायचो, "इथला माणूस आपल्या पुण्यासाठी गोल मारतो."

२०१२-१३ चा हंगाम तर विसरणं शक्यच नाही. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स विजेता ठरला आणि पुणे एफसी दुसरा. त्या कामगिरीमुळे २०१४ मध्ये आपला संघ एएफसी कपमध्ये खेळला. हाँगकाँग, सिंगापूर, म्यानमारच्या क्लबांशी पुण्याचा संघ भिडत होता.

मग हे सगळं थांबलं कसं? २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिथे मैदानावर जिंकून वर चढत जाण्याचा प्रश्नच नव्हता, शहराची फ्रँचायझी विकत घ्यावी लागत होती. पुण्याच्या नावाने एफसी पुणे सिटी हा नवा संघ आला. आय-लीगचं पुढे काय होणार, हे धड कुणाला सांगता येईना. खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदान, अकादमी हा खर्च तर दरवर्षीचा, आणि तिकिटांतून येणार किती? आमच्यासारख्या काहीशे लोकांच्या टाळ्यांवर क्लब चालत नाही. २०१४-१५ हा पुणे एफसीचा शेवटचा हंगाम ठरला.

आणि तो एकटा नव्हता. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळून बंद झाला. १९८७ पासूनचा शिवाजियन्स, पुढे डीएसके शिवाजियन्स, २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, पण २०१९ मध्ये तोही गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच वर्षांच्या आत पुण्यातले चार व्यावसायिक क्लब संपले. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, मग आता आपण कुणाचे?" मला पटकन काही सुचलं नाही.

याचं थोडंफार उत्तर मला एका कोल्हापूरच्या सहकारी शिक्षकांनी दिलं. ते म्हणाले, "अहो सर, आमच्याकडं संघ पेठेचा असतोय, मालकाचा नव्हं." पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे कोल्हापूरचे फुटबॉल संघ तालमी-मंडळांतून उभे राहिले. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी होते, ती आम्ही बालेवाडीला कधीच पाहिली नाही. तिथे आजोबा, बाप आणि नातू एकाच संघाचे. वर्गणी गोळा होते, भांडणंही होतात, पण संघ राहतो. पुणे एफसीवर आमचं प्रेम कमी नव्हतं, पण तो चालू ठेवायचा की नाही हे ठरवण्यात आमचा वाटा शून्य होता. आम्ही प्रेक्षक होतो, सभासद नव्हतो. हा फरक मला क्लब गेल्यावर समजला.

तरी सगळं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. अनस २०१७ मध्ये, वयाच्या तिशीत, भारताकडून पहिला सामना खेळला. पुणे एफसीच्या अकादमीत घडलेला आशिक कुरुनियनही पुढे भारतीय संघात आला. डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीतला लालियनझुआला छांगते आज देशातल्या नावाजलेल्या खेळाडूंत गणला जातो. टीव्हीवर त्यांचा सामना लागला की मामेभावाचा फोन येतोच, "बघतोयस ना? आपला पोरगा!"

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात, पेठेत, वाडीत एखादा छोटा संघ असेल. कबड्डीचा असेल, खो-खोचा असेल, फुटबॉलचा असेल. त्याचा सामना पाहायला जा, वर्गणीची पावती फाडा, मैदान झाडायला हात लावा. आणि पुढच्या वेळी 'माझा आवडता संघ' लिहाल तेव्हा, ज्याचे खेळाडू तुम्हाला रस्त्यात भेटतात अशा एखाद्या संघावर लिहून बघा. मी तो निबंध सगळ्यात आधी तपासायला घेईन.