पोंग्यातला परदेशी पाहुणा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात, की भिगवणपुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं. हा इंदापूर तालुका. वरकुटे इथलंच. खुर्द आणि बुद्रुक अशी दोन वरकुटी आहेत बरं का! पाऊस बेताचाच, पण जिथे पाणी पोचलंय तिथे ऊस, आणि गाईंच्या चाऱ्याला मका.

या मक्यात आपल्याला भेटायचंय एका पतंगाला. दोरीने उडवतात तो नव्हे, रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो तो! पंख पसरले तर जेमतेम दीड इंच. रंग करडा-तपकिरी. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट तिकोनी डाग असतो. मादी अगदीच मळकट. नाव मात्र भारदस्त : स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. त्याच्या अळीला शेतकरी 'अमेरिकन लष्करी अळी' म्हणतात.

कारण हा पाहुणा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. 2016 मध्ये तो आफ्रिकेत दिसला, मे 2018 मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे नीरेच्या पलीकडेच की! वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाणाऱ्याला नदी कसली अडवणार?

गंमत पाहा, अमेरिकेत तो दर उन्हाळ्यात उत्तरेला पार कॅनडापर्यंत जातो, पण तिथली थंडी त्याला सोसत नाही; हिवाळ्यात मरतो. आपल्याकडे बर्फ नाही आणि चाऱ्याचा मका बाराही महिने कुठे ना कुठे उभा. मग तो जाईल कशाला?

पतंग स्वतः पीक खात नाही. खादाड असते ती अळी. पानांवर ओळीने भोकं आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली, की ती आत बसलीय समजा. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी सापडते, कारण या अळ्या एकमेकींनाही खातात! पण पोंगा कुरतडला की ताट खुरटतं, आणि गाईच्या गव्हाणीतला चारा घटतो.

म्हणून सुट्टीत शेतावर गेलात, तर कोवळ्या मक्याची पानं उलटून पाहा. मऊ केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला, तर लगेच आजोबांना दाखवा. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी असतात. तो तिथल्या तिथे चिरडला, तर तेवढ्या अळ्या निघायच्याच नाहीत.