एक-दोन मिलिमीटरच्या धमन्या

“डॉक्टर, ते शॉकवेव्हचं मशीन तुमच्याकडे आहे का?” पन्नाशी-साठीचे गृहस्थ हल्ली हा प्रश्न विचारतात, बहुतेकदा एकटे येऊन, आणि दार लागल्याची खात्री करून. मी युरॉलॉजिस्ट आहे. पुरुषांची ताठरता हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्या मशीनचं उत्तर देताना मला जपानमधल्या सेंदाई शहरापासून सुरुवात करावी लागते.

सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिरोआकी शिमोकावा या हृदयरोगतज्ज्ञांनी, आधी क्यूशू विद्यापीठात सुरू केलेलं एक काम पुढे नेलं. मूतखडा फोडायला ज्या लहरी वापरतात त्याच, पण सुमारे एक दशांश ताकदीने, रक्त कमी पडणाऱ्या हृदयाच्या स्नायूवर सोडायच्या. एवढ्या सौम्य धक्क्याने काही फुटत नाही. पेशींवर हलका ताण येतो आणि नव्या केशवाहिन्या वाढवणारी प्रथिनं त्या जास्त बनवू लागतात. औषधं, अँजिओप्लास्टी, बायपास यांचा उपयोग संपलेल्या अंजायनाच्या रुग्णांसाठी हा उपचार होता. जपान सरकारने २०१० मध्ये त्याला ‘प्रगत उपचार’ म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी इस्रायलमधल्या हायफा इथल्या योराम वार्दी या युरॉलॉजिस्टने हीच कल्पना शिश्नाच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरली आणि २० पुरुषांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हृदयाचा उपचार तिथे का लागू व्हावा, हे ज्या जोडप्याला कळलं त्याचं अर्धं ओझं उतरतं. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटर रुंद असतात, शिश्नाच्या जेमतेम एक ते दोन. आतलं अस्तर दोन्हीकडे सारखंच. साखर, तंबाखू, रक्तदाब आणि चरबी यांनी ते बिघडलं की अरुंद धमनी आधी तक्रार करते. छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी अंथरुणात अडचण सुरू झालेली असते, असं अनेक हृदयरुग्णांच्या बाबतीत आढळलं आहे. म्हणून मी गोळी लिहून देण्याआधी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि हृदय तपासतो. ‘ताकदीची’ गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून घेणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

शिथिल अवस्था म्हणजे आराम, अशी आपली समजूत असते. खरं तर तेव्हा आतला स्नायू आवळलेला असतो आणि रक्ताला वाट देत नाही. हा आवळ टिकवणाऱ्या ऱ्हो-कायनेज या विकरावर, हृदयाच्या धमन्यांच्या संदर्भात, शिमोकावांचंच मोठं काम आहे. आणि ते विकर अडवलं की ताठरता येते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये उंदरांवर दाखवलं. ‘आज तरी जमेल ना’ या धसक्याने ॲड्रेनलिन वाढतं आणि तोच स्नायू आणखी आवळला जातो. एकदा फसलं की पुढच्या खेपेला धसका आधीच हजर असतो. ‘दुखणं मनाचं की शरीराचं?’ असं नातेवाईक विचारतात. पन्नाशीनंतर बहुतेक वेळा ते दोन्हींचं असतं.

पण माझ्या मते खरी हानी वेगळीच असते. नवरा उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसू लागतो. बायको झोपल्याची खात्री झाली की आत जातो. पुढे तो तिचा हातही धरत नाही, कारण हात धरला तर पुढचं अपेक्षित धरलं जाईल, ही भीती. ती मात्र समजते, “ह्यांना आता माझ्यात रस उरला नाही.” कधी संशय येतो. विचारायची सोय नाही. या वयात हे काय, असं वाटायचं. ताठरता गेली तिच्यासोबत खांद्यावरचा हात गेला, पाठीवरचं डोकं गेलं. कित्येक वर्षं हे असंच चालतं, आणि दोघांनाही वाटतं की दोष आपला. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी असे प्रश्न मराठीत छापून उत्तरं दिली, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. इतक्या वर्षांनी नवरा-बायको एकमेकांशी मात्र बोलत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

जपानी घरांतही हे मौन आहे. महिनाभर किंवा अधिक काळ शरीरसंबंध नसलेल्या विवाहितांचं प्रमाण तिथल्या कुटुंबनियोजन संघटनेच्या २०१६ च्या पाहणीत ४७.२ टक्के होतं, तेही पन्नाशीच्या आतल्यांत. एप्रिल २०२२ पासून वंध्यत्वाच्या उपचारासाठी ताठरतेच्या गोळ्या तिथल्या आरोग्यविम्यात आल्या. मूल हवं असेल तर विमा. दोघांना केवळ एकमेकांजवळ यायचं असेल तर नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

तर मशीन. दोष सौम्य असेल, रक्तपुरवठ्याचा असेल आणि गोळीचा थोडाफार गुण येत असेल, तर शॉकवेव्हने मध्यम सुधारणा होऊ शकते. जुन्या मधुमेहात नसाच निकामी झाल्या असतील तर फारशी आशा धरू नये. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये हा उपचार प्रायोगिक मानला. मोठ्या रकमेचं पॅकेज घेण्याआधी तंबाखू सोडणं, रोजचं चालणं आणि साखर ताब्यात आणणं यांनी काय फरक पडतो ते पाहावं. गोळी, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट हे पर्याय आहेतच.

दुसऱ्या भेटीला मी बायकोला घेऊन यायला सांगतो. दोघांना मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेला स्पर्शाचा क्रम समजावतो: काही आठवडे संबंध मुद्दाम वर्ज्य, फक्त एकमेकांना स्पर्श करायचा आणि कुठे बरं वाटतं ते सांगायचं. परीक्षाच रद्द झाल्यामुळे धसका ओसरतो. मग मी बाईंना विचारतो, “तुम्हाला त्रास होतो का?” हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारलेला नसतो. पाळी गेल्यावर योनीत कोरडेपणा येतो, संबंध दुखतो, आणि गोळीने नवरा पूर्ववत झाला तरी तिला ते नको वाटतं. वंगण-जेल, लागेल तिथे स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचं मलम, एवढ्याने बरंच सुसह्य होतं. तिच्या दुखण्याची चिठ्ठी मी त्याच भेटीत देतो. गोळीचा डोस त्यानंतर ठरवतो.