पथ्याला सोबत

गरोदरपणी स्त्रीला भेटीदाखल जे काही येते, त्यात गोडाचाच भरणा अधिक असतो. माझ्या आईने वसईहून सुकेळ्यांची पुडी पाठविली होती. दाट गोडीची ती वाळवलेली केळी दिवसाकाठी एक अशी खाण्याचा बेत मी केला होता. तो तडीस गेला नाही. पुडी कित्येक महिने कपाटात तशीच राहिली. ती का राहिली, हे माझ्या वाचक भगिनींना सांगावे, म्हणून हा लेख.

२०२५ सालच्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता आणि मला सव्विसावा आठवडा लागला होता. हैदराबादेस सुलतान बाजारात आमचे बिऱ्हाड आहे. पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार तो हाच. एकीकडे कापडाची दुकाने, पलीकडे कोठीच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि या साऱ्या गजबजाटात स्त्रियांचे सरकारी प्रसूती रुग्णालय. तेथे मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयास दिले व दोन तासांनी रक्त घेतले. या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची अट नाही. दोन तासांनंतरची रक्तशर्करा १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली, तर गर्भावस्थेतील मधुमेह झाला असे समजतात. माझा आकडा १६८ होता. पहिल्या भेटीच्या वेळची तपासणी निर्दोष निघाली होती, त्यामुळे हा आकडा अधिकच जिव्हारी लागला.

शेजारच्या एका बाईंनी तत्काळ निदान केले, "गोड फार खाल्लेस, दुसरे काय!" वस्तुतः तसे नसते. डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावून सांगितले की, वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. हे प्रत्येकीच्याच बाबतीत घडते. बहुतेकींचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून ती उणीव भरून काढते. काहींचे कमी पडते. आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळापर्यंत जाते, मात्र आईचे इन्सुलिन जात नाही. मग ते इवलेसे बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते, वाजवीपेक्षा अधिक वाढते, प्रसूती अवघड होते, आणि जन्मल्याबरोबर त्याची साखर एकाएकी उतरण्याचा संभव असतो.

हे मी घरी येऊन सांगितले, तेव्हा सासूबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. रात्री जपमाळ झाल्यावर त्या माझ्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, माझे पहिले मूल मेलेलेच जन्मले. चांगले गुटगुटीत होते. जो तो म्हणे, काय सुरेख बाळसे होते! त्या बाळशानेच घात केला की काय, कोण जाणे. तेव्हा कोणी साखर मोजली नव्हती." त्यांच्या पहिल्या बाळाविषयी मी तोवर चकार शब्द ऐकला नव्हता. त्याचे कारण काय होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या रात्रीपासून माझा १६८ हा आकडा निव्वळ आकडा राहिला नाही.

भीतीने मी एक मोठी चूक केली. रुग्णालयातून मिळालेला आहाराचा कागद बाजूला ठेवून मी जवळजवळ उपाशीच राहू लागले. आम्ही वसईकर भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेली माणसे. भात बंद म्हटल्यावर खावे तरी काय, हेच मला उमजेना. पंधरा दिवसांनी माझे वजन घटले आणि लघवीत कीटोन आढळले. पोटात पुरेसे अन्न न गेल्यामुळे शरीर आपलीच चरबी जाळू लागल्याची ती खूण होती. साखर उतरली, पण बाळाचे पोषण धोक्यात आले!

त्या दिवशी मी व्हरांड्यातील बाकावर डोळे पुशीत बसले होते. घरून जेवून यावयाचे आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्यावयाचे, असा तेथला शिरस्ता. त्यामुळे त्या बाकावर वाट पाहणे हा आम्हा सर्वांचाच उद्योग. शेजारी बसलेल्या एक मुसलमान भगिनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "भूके नक्को रहो, बीबी." दखनीतला तो 'नक्को' कानी पडला आणि परक्या शहरात मला जणू माहेरचे कोणी भेटले. आम्ही साऱ्याजणी त्यांना आपा म्हणत असू. त्यांच्या पलीकडे एक तेलुगू अक्का होत्या. त्यांना मागील बाळंतपणीही हाच विकार झाला होता. चौथ्या मराठी वहिनी. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून हैदराबादेत राहिलेले.

जे कागदावर वाचून मला उमगले नव्हते, ते या बाकावर उमगले. अक्कांनी सांगितले, "भात सोडू नका, वाटी लहान करा. आधी भाजी नि डाळ, मग भात." त्यांच्या घरची जोन्ना रोट्टे म्हणजे आपलीच ज्वारीची भाकरी, ती थापावयास मी त्यांच्याकडून शिकले. आख्ख्या मुगाचा पेसरट्टू माझ्या न्याहारीला आला. आपांनी खट्ट्या दाळीची कृती दिली आणि इराणी चहा व उस्मानिया बिस्किटे यांच्यापासून चार हात दूर राहण्याची तंबीही दिली. वहिनींचा मंत्र एकच होता : जेवल्यावर पलंग नाही, पंधरा मिनिटे चालणे. तीन बेताची जेवणे, मधल्या वेळी ताक, फुटाणे किंवा एखादे अख्खे फळ, आणि रात्रीची उपासमार टाळण्यासाठी निजण्यापूर्वी थोडे खाणे, असा माझा दिनक्रम ठरला. कोणते जेवण कोणाला किती चढले, याचे आकडे आम्ही परस्परांना सांगत असू. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत राहावयाचे होते. पुढील खेपेस माझा आकडा ११२ आला, तेव्हा आपांनी मोठ्याने "माशाल्ला!" म्हटले आणि सारा व्हरांडा वळून पाहू लागला.

त्या वर्षी रमजानचे रोजे २ मार्चला सुरू झाले आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. आपांच्या मनाला रोजे चुकल्याची रुखरुख आणि मला प्रायश्चित्तकाळातील उपवासाची. मी आमच्या फादरांना विचारले. ते हसून म्हणाले, "गरोदर स्त्रीवर उपवासाचे बंधन नाही. वेळेवर जेवणे, हाच यंदा तुमचा त्याग." आपांनाही त्यांच्या धर्माची अशीच सवलत होती. त्याच महिन्याच्या १० तारखेला, चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या जन्मदिनी, आपल्या देशात या विकाराविषयी जागृतीचा दिवस पाळतात, हेही मला त्या बाकावरच कळले. दोन तासांनंतरची ही एकाच रक्ततपासणीची सोपी रीत आपल्याकडे रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

मात्र पथ्य पाळणारीला नेहमी पथ्यानेच यश येते असे नाही. वहिनींनी आम्हा सर्वांहून काटेकोर पथ्य पाळले. तरीही दोन आठवड्यांनी त्यांचे आकडे उतरले नाहीत आणि त्यांना इन्सुलिन सुरू करावे लागले. त्या ओंजळीत तोंड झाकून रडल्या, म्हणाल्या, "मी हरले." तेव्हा अक्का म्हणाल्या, "मागच्या वेळी मलाही सुई घ्यावी लागली होती. तो मुलगा आता शाळेत पहिला येतो!" आम्ही हसलो, वहिनीही हसल्या. हे शब्द डॉक्टर बोलले असते तर त्या शब्दांना इतके बळ आले असते काय? स्वतः त्या वाटेने गेलेल्या माणसाचा शब्द वेगळाच असतो.

मे महिन्याच्या आरंभी माझी मुलगी जन्मली. वजन तीन किलो, साखर ठीक. पहिल्या तासातच तिला अंगावर घेतले. सासूबाईंनी तिला उचलले आणि त्या तिच्याकडे पाहतच राहिल्या. त्या कोणाला आठवत होत्या, हे मी जाणून होते. आम्ही दोघीही काही बोललो नाही. डिंकाचे लाडू त्यांनी यंदा केले नाहीत. सहा आठवड्यांनी माझी पुन्हा तपासणी झाली. ती निर्दोष निघाली. तथापि ज्या स्त्रीला हा विकार एकदा होतो, तिला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून मी अधूनमधून तपासणी करून घेते आणि पंधरा मिनिटांचे चालणे अद्याप सोडलेले नाही. ही सहा आठवड्यांनंतरची तपासणी बाळाच्या कोडकौतुकात पुष्कळजणी विसरतात. भगिनींनो, ती विसरू नका.

त्या तपासणीच्या संध्याकाळी मी कपाटातील पुडी सोडली. एक सुकेळे घेतले, त्याचे चार तुकडे केले, आणि घरातल्या चौघांना एकेक दिला.

जपमाळेतील आनंदाचे दुसरे रहस्य मी लहानपणापासून म्हणत आले आहे. मरियामाता डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली आणि तिच्यापाशी सुमारे तीन महिने राहिली. एक कुमारवयाची, दुसरी उतारवयाची, दोघीही गर्भवती. देवदूताचा निरोप मिळाला असतानाही मरियेला दुसऱ्या गर्भवतीच्या घरी जावेसे वाटले, याचा अर्थ मला पूर्वी कधी कळला नव्हता. सुलतान बाजारातील त्या लाकडी बाकावर तो मला कळला. आपल्या धर्मग्रामात कोणा भगिनीला असा आकडा आला असेल, तर तिला कागद जरूर द्या. पण त्याबरोबर तिच्या शेजारी दोन तास बसा.