मामांच्या बंदुकीची किंमत

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. "तू पेपरात लिवतोस, तुला धा मानसं वळखतात. माझ्या बंदुकीची किंमत काडून दे."

मामा 76 वर्षांचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीत मामी आणि ते दोघंच राहतात. मुलगा भांडुपला, दोन मुली लग्न होऊन सासरी. थोडं भात, उतारावर नाचणी-वरी. आणि घरात, कुलूपबंद पेटीत, आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची.

मामांना ती आता विकायची होती. पैसे आले तर तिन्ही पोरांत वाटायचे, एवढा साधा हिशोब.

वीस वर्षं या दोन तालुक्यांत बातमीदारी करतोय. पूर लिहिला, दरडी लिहिल्या, सावित्रीवरचा पूल गेला तो लिहिला. पण जुन्या बंदुकीची किंमत कशी ठरते ते मला काही ठाऊक नव्हतं. म्हणून महाडच्या बाजूचे एक ओळखीचे निवृत्त हवालदार आहेत, सैन्यात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, त्यांना घेऊन एका रविवारी मामांकडे गेलो.

आधी एक गोष्ट. वाडीत सगळे तिला 'रायफल' म्हणतात. ती रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, गोळी फिरत जाते, लांब जाते. मामांची ती बारा बोअरची, आतून गुळगुळीत नळीची, छर्ऱ्याची बंदूक. हा फरक नुसता नावाचा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी मुळात ठासणीची बंदूकच धरलेली आहे. ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. शेतकऱ्याच्या हातात सरकारने रायफल कधी कल्पिलीच नाही.

मामांनी पेटी उघडली. हवालदारांनी पहिल्यांदा बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग मला दाखवली, मग मामांना दाखवली. "रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी आपण बघायचं," म्हणाले. मग परवान्याचं पुस्तक मागितलं. नळीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. परवान्याला यूआयएन नंबर पडलाय का, मुदत कधीपर्यंत आहे, ते पाहिलं. "हे जुळलं नाही तर पुढचं बघण्यात अर्थ नाही. मग ती बंदूक नाही, गुन्हा आहे."

मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या पुन्हा जागेवर बसवल्या आणि हाताने हलवून पाहिलं. जिथे बंदूक मोडते तिथे खुळखुळ आहे का? नव्हती. बंद करून सांध्यातून दिव्याचा उजेड दिसतो का ते पाहिलं. नळ्या सुट्या करून आभाळाकडे धरल्या आणि आतून पाहिल्या. उजवी नळी स्वच्छ. डावीत तोंडाकडे गंजाने खाल्लेले बारीक खड्डे. "बार काढल्यावर त्याच रात्री पुसली नाही कुणीतरी." मामा खाली बघायला लागले.

नळ्या दोरीला टांगून बोटाच्या नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज लांबत गेला. दोन नळ्या जोडणारी पट्टी कुठे सुटलेली असती तर आवाज बद्द आला असता, असं त्यांनी सांगितलं. फुटका माठ आपण असाच ओळखतो. मग दस्त्याची मान, म्हणजे जिथे हाताची मूठ बसते ती जागा. तिथे केसाएवढी चीर होती, जुनी, कुणीतरी तांब्याच्या तारेने आवळलेली. शेवटी स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. खाचा झिजलेल्या असल्या म्हणजे आत कुणी अडाण्याने हात घातलाय. या सरळ होत्या.

नळीच्या बुडाशी बारीक ठसे होते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. हे 1813 पासूनचं परीक्षागृह. तिथे जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासायची आणि टिकली तरच ठसा मारायचा, अशी पद्धत. मला वाटलं, इंग्लंडचा माल, चांगली किंमत येणार! हवालदारांनी काडतुसाच्या घराची लांबी मोजली आणि मामांना विचारलं, "काडतूस कुठलं घालता?" मामांनी खडकीच्या कारखान्याचं नाव घेतलं.

"मिलिमीटर किती?"

मामांना माहीत नव्हतं. जुन्या इंग्लिश बंदुकांची घरं बहुतेक 65 मिलिमीटरची. आज सर्रास मिळणारं काडतूस 70 चं. गंमत अशी की 70 चं काडतूस 65 च्या घरात नीट बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. ते उलगडतं बार उडतो तेव्हा, आणि तेव्हा त्याला जागा नसते. दाब वाढतो. जुन्या नळीला तो झेपेलच असं नाही. मामा गप्प झाले. ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक आहे त्यांनी एवढी एक गोष्ट तरी जाणकाराकडून तपासून घ्या.

निकाल असा: "वस्तू चांगली. दस्त्याची मान दुरुस्त केली, योग्य काडतूस घातलं तर अजून एक पिढी चालेल. पण किंमत मी सांगू शकत नाही. किंमत कागदाची असते."

त्याचा अर्थ मला दोन फोन केल्यावर कळला. परवानाधारक विक्रेते, एक पुण्याचे, एक मुंबईचे. दोघांनीही नळीबद्दल एक शब्द विचारला नाही. पहिला प्रश्न, "घेणारा आहे का? त्याच्याकडे परवाना आहे का?" एकाने एका साध्या मोबाइलच्या किमतीचा आकडा सांगितला. दुसरा म्हणाला, गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवून घेतो, ठेवणावळ तुमची.

एक काळ असा होता की परदेशी बंदुकीला मान होता. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, तशी आधी आलेल्या बंदुकांची किंमत चढली. आजही नावाजलेल्या कारागिराची, जपलेली बंदूक असेल तर हौशी लोक पैसे मोजतात. मामांची त्यातली नाही. ती शेतकऱ्याची बंदूक, पावसात भिजलेली, माळ्यावर रात्र काढलेली.

आणि विकायची म्हटली तरी ती म्हैस विकण्याइतकी सोपी नाही. घेणारा परवानाधारकच हवा. त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. मुलाच्या नावावर करायची तर 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर तो हयात असताना वारसाला परवाना मागता येतो. मामा दोन्हीत बसतात. मी मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, वन रूम किचनमध्ये बंदूक ठेवू कुठे? आणि मी राखणार काय, भांडुप?"

त्याचंही खरं आहे. राखायला माणूसच नाही, तर बंदूक कशाला?

पण मामा आहेत ना तिथे! आणि डुकरंही आहेत. म्हणून मी विचारलं, मामा, या बंदुकीने तुमचं किती राखलं?

मामांनी सांगितलं ते ऐका. बंदूक बहुतेक वेळा आभाळाकडेच उडाली. भात पोटरीत आलं की डुकरं उतरतात. डबे वाजवा, जाळ करा, दोन दिवस फरक पडतो, मग सवय होते. पण रात्री एक बार काढला की सात-आठ दिवस कळप फिरकत नाही. म्हणजे हंगामात पाच-सहा काडतुसं. तेवढ्यावर वाडीतल्या सगळ्यांची खाचरं राहायची. बंदूक एकाची, राखण सगळ्यांची.

मग आता काय झालं? तर आता नेमकी हंगामात बंदूक घरात नसते.

तारखा बघा. आपल्या विधानसभेचं मतदान 2014 ला 15 ऑक्टोबरला झालं. 2019 ला 21 ऑक्टोबरला. 2024 ला 20 नोव्हेंबरला, आचारसंहिता 15 ऑक्टोबरपासून. आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करा असा निरोप येतो. म्हणजे तिन्ही वेळा भात पिकत असताना किंवा कापणीला आलेलं असताना शेतीसंरक्षणाची बंदूक शेत सोडून जमा! डुकरांना आचारसंहिता लागू नाही. 2024 ला मामांची अर्धी नाचणी आणि खालच्या दोन खाचरांतलं भात गेलं. बंदूक परत मिळाली तेव्हा राखायला पेंढाही उरला नव्हता.

निवडणुकीत शस्त्रं जमा करू नयेत असं मी म्हणत नाही. निवडणुका मीही जवळून पाहिल्यात. पण सरसकट सगळ्यांची जमा करा असा नियमच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2009 पासून छाननी समितीची पद्धत आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी परवानाधारकांची छाननी करायची, ज्यांच्यापासून धोका वाटतो त्यांची शस्त्रं जमा करायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले, असे. 76 वर्षांचा, एकही गुन्हा नसलेला, रस्त्यापासून तासभर वर राहणारा म्हातारा यातल्या कुठल्या रकान्यात बसतो? मामांना कुणी विचारलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. निरोप आला, बंदूक खांद्यावर टाकून खाली उतरले.

दुसरी अडचण याहून मोठी. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. तो बंदूक बाळगायचा परवाना. रानडुकराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. एक खातं बंदूक देतं पीक राखायला, दुसरं खातं म्हणतं चाप ओढशील तर खबरदार. दोन खात्यांच्या मध्ये मामा आणि त्यांची नाचणी.

हे सगळीकडे असंच आहे असं नाही. केरळने मे 2022 मध्ये उपद्रवी डुकरांबाबत आदेश द्यायचा अधिकार ग्रामपंचायत-नगरपालिकांच्या प्रमुखांना दिला, आणि काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडून करून घ्यायचं ठरवलं. कायदा तोच, केंद्राचा. कर्नाटकात कोडगूच्या कोडवा समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे, 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. आपल्याला सूट नको. आहे त्या परवान्याला अर्थ हवा.

कुणी म्हणेल, बंदुका हव्यातच कशाला? प्रश्न रास्त आहे. शिकारीच्या नादात डुक्कर समजून सोबतच्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचतो. बिनपरवाना बंदुकीचं मी समर्थन करणार नाही. पण परवान्याची बंदूक निकामी झाली की तिच्या जागी काय येतं तेही बघा. कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट येतो. फासकी येते. गावठी बॉम्ब येतो. या तिन्हींवर नंबर नसतो, पुस्तक नसतं, आणि अंधारात समोर डुक्कर आहे, बिबट्या आहे की शेजारच्याचं पोर, हे त्यांना कळत नाही. बंदुकीमागे निदान एक जबाबदार माणूस उभा असतो, ज्याचं नाव सरकारदरबारी लिहिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शेतीसंरक्षणाच्या परवान्यांची छाननी वेगळी करा आणि हंगामात सरसकट जमा करणं थांबवा. वनखात्याची परवानगी कशी, कुणाकडे, किती दिवसांत मिळते, ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि वाडीत राहणाऱ्या, शेती करणाऱ्या पुतण्याला-भाच्याला परवाना हवा असेल तर त्याचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहू देऊ नका.

संध्याकाळी निघताना मामांना आकडा सांगितला. विक्रेत्याने सांगितलेला. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते हसले. "येवढ्यात तिघांचं काय व्हायचं?" म्हणाले. मामी आतून म्हणाली, "एका रातीत डुकरं यापरीस जास्त खातात."

बंदूक अजून विकलेली नाही. दस्त्याची मान दुरुस्त करायची, 65 ची काडतुसं मिळतात का बघायचं असं ठरलंय. यंदा वाडीत तीनच घरांनी नाचणी लावलीय. पुढच्या वर्षी मामांनीही सोडली, तर त्या बंदुकीची किंमत कुणाला काढावी लागणार नाही. ती आपोआप शून्य होईल.

तुमच्या गावात शेतीसंरक्षणाचे परवाने किती उरलेत आणि गेल्या विधानसभेला त्या बंदुका कुठे होत्या, एवढं खाली लिहा. नावं नकोत, गाव लिहिलंत तरी पुरे. घेऊन जातो मी ते जिथे न्यायचं तिथे.