सेंट लुईसच्या कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. पण अमेरिकेत सेंट लुईस शहरी असे एक कोर्ट आहे, की ज्याची पायरी एका गुलाम नवरा-बायकोने चढली आणि साऱ्या देशाला जाग आली.

हे शहर मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. हे त्या जिल्ह्याचे कोर्ट. शुतो आणि लुकास या दोन जमीनमालकांनी ‘येथे कायम कोर्टच असावे’ या अटीवर जागा दान दिली. १८२८ साली तेथे विटांचे कोर्ट उभे राहिले. वस्ती वाढली तसे ते अपुरे पडू लागले, म्हणून १८३९ मध्ये नवे बांधकाम सुरू झाले. मधोमध मोठे गोल दालन आणि चहू दिशांना चार बाजू, असा फुलीसारखा आराखडा. दर्शनी भागी ग्रीक देवळांसारखे जाड खांब. वरचा लोखंडी सांगाड्याचा उंच घुमट रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटावरून बेतलेला असून तो १८६२ साली पुरा झाला.

अशा देखण्या इमारतीच्या पायऱ्यांवर माणसांचे लिलाव होत. मालक वारला की जमीनजुमला आणि जनावरांबरोबर त्याचे गुलामही विकले जात. बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो. गुलामांच्या बाजारात गिऱ्हाईक माणसाचे दात पाही!

ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट यांनी १८४६ मध्ये येथे दावा लावला. गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात आपण राहिलो आहोत, तेव्हा आपण स्वतंत्र आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे. १८४७ मध्ये पुराव्यातील त्रुटीमुळे ते हरले. १८५० मध्ये ज्युरीने त्यांना मुक्त ठरवले. पण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८५२ साली तो निकाल फिरवला आणि १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारले. देशभर संताप उसळला. त्याच वर्षी नव्या मालकाने याच कोर्टात येऊन स्कॉट कुटुंबाला मुक्त केले. ड्रेडला ते सुख जेमतेम वर्षभर लाभले. १८५८ मध्ये तो क्षयाने गेला. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली.

व्हर्जिनिया मायनर या बाईंना १८७२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवू दिले नाही, तो दावाही येथलाच. विवाहित स्त्रीला एकटीने दावा लावता येत नसे, म्हणून नवरा बरोबर उभा राहिला. त्या हरल्या. तेथील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला १९२० साल उजाडले.

१९३० मध्ये कोर्ट दुसरीकडे गेले. दात्यांच्या वारसांनी जागा परत मागितली, पण ती मिळाली नाही. १९४० पासून इमारत राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर मे २०२५ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. समोर ड्रेड आणि हॅरिएट यांचा पुतळा आहे.

कोणी आप्त तिकडे असतील तर त्यांना ही इमारत पाहायला जरूर सांगावे. आणि इकडे आपण आपल्या सातबाऱ्यावर घरधनिणीचे नाव लागले आहे का, तेवढे पाहून घ्यावे.