देवाची मिळकत

गेल्या माघांत माळ्यावरची आवराआवर करतांना आमच्या कैलासवासी वडिलांचें एक दप्तर हातीं आलें. तांबड्या फडक्यांत बांधलेलें. आंत फिर्याद, कैफियत, तारखांच्या चिठ्ठ्या, वकिलांच्या पावत्या आणि सर्वांच्या तळाशीं निकालाची नक्कल होती. तिच्या कडा कसरीनें खाल्ल्या होत्या. दावा आमच्या गांवच्या लक्ष्मीनारायणाच्या पूजेच्या पाळीचा, आणि प्रतिवादी वडिलांचे चुलतभाऊ. हा कज्जा सतरा वर्षें चालला. दोन्ही घरांच्या चुली एकाच भिंतीच्या दोन अंगांस पेटत. पण त्या सतरा वर्षांत, आणि नंतरहि, हळदीकुंकवास या घरचें त्या घरीं कोणी गेलें नाहीं.

माळा काढण्यास कारण घडलें होतें. गांवाशेजारून मोठा रस्ता गेल्यापासून देवाच्या तीन एकर जमिनीस भाव आला आहे. आमचे पुतणे वरचेवर दूरध्वनी करून म्हणूं लागले, "काका, सातबाऱ्यावर आपल्या शाखेचें नांव लावून घेऊं. तुम्ही घरांत वडील. अर्जावर तुमची सही हवी." सबंध आयुष्य शाळेंत गेल्यामुळें न वाचलेल्या कागदावर सही करण्याचा आमचा हात नाहीं. आम्हीं मुदत मागितली आणि देवाच्या मालकीविषयीं न्यायालयांनीं आजवर काय ठरविलें आहे तें वाचावयास बसलों.

आरंभ डाकोरपासून केला. गुजराथेंतील रणछोडरायाचें तेथील हल्लींचें देऊळ १७७२ मध्यें गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनीं बांधविलें. देवापुढें जें द्रव्य पडतें तें आमचें स्वतःचें, त्याचा हिशेब कोणास देण्याचें कारण नाहीं, असें तेथील सेवकांचें म्हणणें होतें. मनोहर गणेश तांबेकर प्रभृतींनीं फिर्याद केली. मुंबई हायकोर्टानें १८८७ मध्यें ठरविलें कीं, अर्पण केलेलें धन देवकार्याचें होय. सेवक तें सांभाळणारे, आणि सांभाळणारा हिशेबास बांधलेला. प्रकरण पुढें प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. धनाला धनी म्हणून खुद्द देवच कायद्यासमोर उभा राहूं शकतो, ही कल्पना याच निकालापासून आपल्याकडे दृढ झाली. मात्र हा धनी कायद्याच्या दृष्टीनें अज्ञान, म्हणजे वयांत न आलेला! ज्यानें अर्जुनास गीता सांगितली तो कोर्टांत अज्ञान ठरावा, हें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें. पण अज्ञानाचा पालक त्याची मिळकत स्वतःची म्हणून विकूं शकत नाहीं, हें ध्यानांत येतांच हंसूं मावळलें.

दुसरा निकाल वाचतांना आम्ही फार वेळ थांबलों, कारण तो घरगुती आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यांत कुळाचा ठाकूर होता आणि भाऊबंद पाळीपाळीनें त्याची पूजा करीत. त्यांपैकीं एकाचें म्हणणें पडलें कीं, आमची पाळी असेल तेव्हां मूर्ति आम्ही आमच्या वाड्यांत नेऊं. इतरांनीं हरकत घेतली. १९२५ मध्यें हा वाद विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला. मूर्ति ही वाटेल तशी हलविण्याची जिनगी नव्हे, राहण्याच्या स्थळाबद्दल तिची स्वतःची इच्छा मानली पाहिजे, असें त्या न्यायाधीशांनीं म्हटलें. आणि प्रकरण परत पाठवितांना देवाच्या वतीनें बोलण्यास ज्याचा कांहीं स्वार्थ गुंतलेला नाहीं असा माणूस नेमावा, तसेंच घरांतील स्त्रियांनाहि दाव्यांत सामील करून घ्यावें, असें सांगितलें. आमच्या वडिलांच्या दप्तरांत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. वास्तविक फुलें, नैवेद्य, सोंवळें हें सारें आमच्या आजीनें आणि आईनें केलें.

आम्हीं थोडेंफार संस्कृत शिकविलें असल्यामुळें येथें एक जुनी गोष्ट आठवली. शबरस्वामींनीं जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यांत नवव्या अध्यायांत हाच प्रश्न घेतला आहे. 'देवाचा गांव', 'देवाचें शेत' असें लोक केवळ उपचारानें म्हणतात. जो ज्या वस्तूचा यथेच्छ विनियोग करतो ती त्याची, आणि देवता कांहीं शेताचा तसा विनियोग करीत नाहीं. तिच्या परिचारकांचें पोट मात्र त्यावर भरतें, असा त्यांचा आशय. न्यायालयें नेमक्या उलट मार्गानें गेलीं. अयोध्येच्या प्रकरणांत १९८९ मध्यें रामलल्लांच्या नांवें दावा दाखल झाला, आणि ९ नोव्हेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें २.७७ एकर जागा त्यांच्याकडे दिली; जन्मस्थानाची भूमि ही स्वतःच व्यक्ति आहे हें म्हणणें मात्र नाकारलें. मीमांसकांचें मत कोर्टांत टिकलें नाहीं. परंतु परिचारकांच्या पोटाविषयीं त्यांनीं जें सांगितलें त्यांत खोट काढतां येत नाहीं. आमची मॅट्रिकची फी त्याच तीन एकरांच्या ज्वारींतून भरली गेली.

पंढरपूरचें उदाहरण तर घरोघर ठाऊक आहे. १९७३ च्या कायद्यानें बडवे, उत्पात आणि इतर सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टांत आणले. वाद सर्वोच्च न्यायालयांत जाऊन जानेवारी २०१४ मध्यें शेवटचा निकाल लागला. वारकऱ्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण तेथील सेवाधारी घराण्यांतले एक वृद्ध शिक्षक आमचे स्नेही होते. ते एकदां म्हणाले, "उत्पन्न गेलें, तें जाऊं द्या. पहाटे तीनला डोळा उघडतो, मग जायचें कोठें?" यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. समिति नेमली तरी तीहि सांभाळणारीच, आणि डाकोरचा हिशेबाचा नियम तिलाहि लागू आहे, एवढेंच आमचें मत.

अखेर सातबाऱ्याचा निर्णयहि सांपडला. सप्टेंबर २०२१ मध्यें मध्यप्रदेशांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव. मालकीच्या रकान्यांत त्याचेंच नांव असावें. पुजारी हा व्यवस्था पाहणारा सेवक, त्याचें नांव तेथें लावण्याचें कारण नाहीं.

आम्हीं पुतण्यांस बोलावून हें वाचून दाखविलें आणि सही करणार नाहीं असें सांगितलें. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "काका, उद्यां पलीकडच्यांनीं नांव लावून घेतलें तर?" ही शंका फोल नाहीं. म्हणून पलीकडच्या घरीं, वडिलांच्या त्या चुलतभावाच्या चिरंजिवांस, आम्हीं पत्र लिहिलें: दप्तर आमच्याकडे आहे, तुमच्याकडेहि असेल, दोन्ही घेऊन एकदां देवळांत बसूं आणि देवाखेरीज कोणाचें नांव लागूं नये असा अर्ज दोघांच्या सहीनें तलाठ्याकडे देऊं. पन्नास वर्षांनीं त्या घरीं आमचें अक्षर गेलें.

पत्राचें उत्तर अद्याप नाहीं. चैत्रांत पाळी त्यांचीच आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचें बोलावणें मात्र आमच्या घरांतून परस्पर तिकडे गेलें असल्याचें काल जेवतांना समजलें.